वारा गावच्या मालकीचा

1986 च्या सुरुवातीला खनिज तेलाचा जागतिक भाव कोसळला. सौदी अरेबियाने उत्पादन वाढवले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव निम्म्यावर, मग निम्म्याच्याही खाली आला. बारा-तेरा वर्षे या तेलाने ज्यांची झोप उडवली होती, त्या देशांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अमेरिकेत पवनऊर्जेची केंद्रीय करसवलत 1985 च्या अखेरीस संपली होती, ती पुन्हा सुरू करण्याची कोणाला घाई नव्हती. जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली सौर तापकेही त्याच 1986 साली उतरवली गेली.

डेन्मार्कने त्याच वर्षी उलटी चाल केली. बाजारात तेल उतरले तसे सरकारने इंधनावरचे आणि विजेवरचे कर चढवले. गिऱ्हाइकाला स्वस्ताई फारशी जाणवूच दिली नाही. हे सरकार डाव्यांचे किंवा पर्यावरणवाद्यांचे नव्हते. पंतप्रधान पॉल श्लुटर पुराणमतवादी पक्षाचे होते आणि करवाढीमागे त्यांचा पहिला हेतू तिजोरीचा होता, कारण देशावर परकीय कर्जाचा मोठा बोजा होता. पण परिणाम हेतूपेक्षा मोठा निघाला. घराच्या भिंतींत उष्णतारोधक थर भरणाऱ्याचे, पवनचक्कीत पैसे घालणाऱ्याचे, पेंढ्यावर चालणारी भट्टी बसवणाऱ्याचे गणित एका रात्रीत बिघडले असते, ते बिघडले नाही. हवामानबदलाच्या राजकारणात पुढे किती करार झाले, किती परिषदा भरल्या! तरीही एखाद्या सरकारच्या निर्धाराची परीक्षा कुठे होते असे कोणी विचारले, तर मी 1986 चा हा करच दाखवीन. महागाईत काटकसर सगळेच करतात. स्वस्ताईत ती टिकवायला धोरण लागते.

डेन्मार्कने ही चाल का केली, ते समजायला 1973 पर्यंत मागे जावे लागते.

ऑक्टोबर 1973 मध्ये इजिप्त आणि सीरियाचे इस्रायलशी युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचे शस्त्र उपसले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. भारतालाही झळ बसलीच. पण डेन्मार्कची अवस्था फारच बिकट होती. पन्नास लाखांच्या या देशाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलातून येत होती आणि ते जवळजवळ सगळे बाहेरून येत होते. वीजकेंद्रे तेलावर, कारखाने तेलावर आणि घरोघरी तळघरात तेलावर चालणारे बॉयलर. तिथल्या थंडीत घर तापवणे ही चैन नसते. 25 नोव्हेंबर 1973 या रविवारी सरकारने खासगी मोटारींना रस्त्यावर बंदी घातली आणि पुढे कित्येक रविवार ती चालू राहिली. हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले, मुले खेळू लागली. दुकानांच्या काचांमागचे दिवे विझले, घरातले तापमान खाली आले, वेगमर्यादा आली.

संकटात केलेले तात्पुरते उपाय संकट सरले की विरून जातात, हा सगळीकडचा अनुभव. काही वेळा मात्र संकटातून कायदा जन्माला येतो. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला, तसे डेन्मार्कमध्ये त्या तेलटंचाईतून घडले. 1976 मध्ये ऊर्जा विभाग स्थापन झाला आणि देशाची पहिली ऊर्जा योजना मांडली गेली.

त्या योजनेचा भर मात्र वाऱ्यावर नव्हता. तेलाऐवजी कोळसा आणि कोळशानंतर अणुऊर्जा, असा सरळ मार्ग वीजकंपन्यांनी आणि सरकारने आखला होता. त्यात नवल काहीच नाही. अणूच्या रचनेचा उलगडा करणारे नील्स बोर याच देशाचे. त्यांच्याच पुढाकाराने रॉस्किल्डच्या खाडीकाठी रिसो येथे अणुसंशोधन केंद्र उभे राहिले होते. शास्त्रज्ञ तयार होते, अभियंते तयार होते, जागा हेरून ठेवल्या होत्या.

लोक तयार नव्हते. जानेवारी 1974 मध्येच अणुऊर्जेविषयी माहिती देणारी एक नागरिकांची संघटना उभी राहिली. तिची पहिली मागणी साधी होती: निर्णयाआधी आम्हाला समजून घेऊ द्या, सभागृहात सविस्तर चर्चा होऊ द्या. पिवळ्या पार्श्वभूमीवर हसरा लाल सूर्य आणि भोवती ‘अणुऊर्जा? नको, आभारी आहोत’ असे अदबशीर शब्द, हे त्या चळवळीचे बोधचिन्ह. ॲने लुन या तरुणीने 1975 साली आरहुस शहरात ते काढले आणि पुढे ते डझनावारी भाषांतून जगभर फिरले. त्याच काळात समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे स्वीडनने बार्सेबेकची अणुभट्टी चालू केली. कोपनहेगनपासून ती अवघ्या वीस किलोमीटरवर, स्वच्छ हवेत डोळ्यांना दिसणारी. राजधानीतल्या माणसाला अणुऊर्जेचा प्रश्न रोज खिडकीतून दिसू लागला.

पण ‘नको’ म्हणणाऱ्याला ‘मग काय हवे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर तिथल्या खेड्यांत आधीपासून पडून होते.

1891 मध्ये पश्चिमेकडच्या जटलंड प्रांतात अस्कोव या गावी पॉल ला कूर या शिक्षकाने वाऱ्यापासून वीज बनवली होती. ते हवामानशास्त्रज्ञ होते आणि अस्कोवच्या लोकशाळेत शिकवत. शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलामुलींसाठी, परीक्षा आणि पदवी यांच्या फंदात न पडता चालणाऱ्या या शाळा ग्रुंटविग या धर्मोपदेशक कवीच्या विचारातून निघाल्या. ला कूर यांचा प्रश्न व्यवहारी होता. वीज शहरात पोचली, खेड्यात कोण आणणार? वारा थांबला की काय करायचे, यावरही त्यांनी उपाय काढला. पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायचा आणि त्यावर शाळेचे दिवे लावायचे. त्या वायूचे स्फोट होऊन शाळेच्या काचा अनेकदा फुटल्या, तरी प्रयोग चालू राहिला. आज जगभरची सरकारे ज्या हरित हायड्रोजनच्या योजना जाहीर करत आहेत, त्याचा एक खेडवळ अवतार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अस्कोवला चालला होता. ला कूर यांनी ग्रामीण वीजतंत्रज्ञ घडवण्याचे वर्गही काढले. त्यातल्या 1904 च्या तुकडीत योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता.

यूल पुढे वीजकंपनीत अभियंता झाले आणि उतारवयात वाऱ्याकडे वळले. 1957 मध्ये देशाच्या दक्षिण टोकाला गेड्सर येथे त्यांनी 200 किलोवॉटची पवनचक्की उभारली. तीन पाती, वाऱ्याच्या तोंडाशी फिरणारी. आज देवगडच्या किनाऱ्यावर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर दिसणाऱ्या पवनचक्कीची मूळ ठेवण हीच. यात दोन युक्त्या फार मोलाच्या होत्या. पहिली जनित्राची. शेतातल्या पंपाला असते त्याच जातीची साधी इंडक्शन मोटर यूल यांनी वापरली. अशी मोटर वीजजाळ्याला जोडून ठरल्या वेगाहून किंचित जास्त फिरवली, की ती वीज घेण्याऐवजी देऊ लागते आणि वेग आवरण्याचे काम जाळेच करते. दुसरी युक्ती सुरक्षेची. वादळात चक्की बेफाम झालीच, तर पात्यांची टोके आपोआप आडवी वळत आणि वारा अडवून वेग मोडत. ही चक्की 1967 पर्यंत चालली. मग तेल इतके स्वस्त झाले की तिच्याकडे कोणी बघेना, आणि ती नुसती उभी राहिली.

तेलटंचाईनंतर तिची आठवण झाली ती आधी गावच्या कारागिरांना. जटलंडमधल्या क्रिस्टियान रीसेयर या सुताराने यूल यांच्या रचनेवरून 1976 च्या सुमारास 22 किलोवॉटची पवनचक्की बनवली. सुटे भाग बाजारात मिळतील ते घेतले आणि चक्की आपल्या घरच्या वीजजोडणीला जोडली. ती नीट चालली, मग शेजारीपाजारी मागणी येऊ लागली. कार्ल एरिक यॉर्गेन्सेन या लोहाराबरोबर हेन्रिक स्टीस्डाल हा तरुण चक्क्या घडवत होता. त्यांची रचना 1979 मध्ये लेम गावच्या एका कंपनीने परवान्यावर घेतली. शेतीची अवजारे आणि मालमोटारींवरच्या क्रेन बनवणारी ही कंपनी म्हणजे वेस्टास. तिच्या स्पर्धकांपैकी एकाचा मूळ धंदा शेतीच्या सिंचनसाहित्याचा होता, दुसऱ्याचा टँकर बनवण्याचा. जगातला आधुनिक पवनउद्योग असा शेतीअवजारांच्या कारखान्यांतून निघाला.

मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरली ती उल्फबॉर्गजवळच्या ट्विंड शाळांची पवनचक्की. तिथल्या शिक्षकांनी स्वतःचे पगार एकत्र करून, विद्यार्थ्यांना आणि देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून 1975 मध्ये काम सुरू केले. बेत होता दोन मेगावॉटचा. कोणाच्याच गाठीशी अनुभव नव्हता. काँक्रीटचा मनोरा त्यांनी थराथराने स्वतः ओतला. मुख्य दांडा जहाजाच्या पंख्याचा होता, गिअरपेटी स्वीडनमधल्या तांब्याच्या खाणीतली, जनित्र तिथल्याच कागदगिरणीतले. सत्तावीस मीटर लांबीची पाती विकत मिळण्यासारखी नव्हती. ती त्यांनी काचतंतू आणि राळ यांचे थर हाताने चढवत बनवली. हजारो लोक ते काम पाहायला येत आणि जाताना आपणही हे करू शकतो असे मनात घेऊन जात. 26 मार्च 1978 रोजी ही चक्की फिरली. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी होती आणि ती आजही उभी आहे. ट्विंड संस्थेच्या नेत्यांवर पुढे आर्थिक गैरव्यवहाराचे खटले चालले, संस्थेचे नाव काळवंडले, हेही सांगायला हवे. त्या शिक्षकांनी आणि मुलांनी बनवलेल्या पात्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्या पात्यांचे तंत्र पुढच्या कित्येक कारागिरांनी उचलले.

गावोगावच्या या खटपटीत इथवर सरकार कुठेच नव्हते. मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यापुढचे वळण. लोकांनी आपल्या हिमतीवर काही सुरू केले की सरकार बहुधा दोनपैकी एक करते, दुर्लक्ष किंवा ताबा. डेन्मार्कच्या सरकारने तिसरी वाट धरली.

1978 मध्ये अणुसंशोधनासाठी उभारलेल्या त्या रिसो केंद्रातच पवनचक्क्यांचे चाचणीकेंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी संसदेने ठरवले की पवनचक्की उभारणाऱ्याला खर्चाच्या 30 टक्के अनुदान मिळेल, पण चक्की रिसोने मान्य केलेली असली तरच. नुसते अनुदान दिले असते तर भुरट्या कारखानदारांचे पीक आले असते. इथे प्रत्येक बनवणाऱ्याला आपली चक्की तज्ज्ञांपुढे ठेवावी लागली. सुरुवातीच्या वादळांत काही चक्क्यांची पाती तुटून उडाली होती. त्यावरून रिसोने अट घातली की एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. यूल यांची जुनी युक्ती अशी सक्तीची झाली. रिसोचे अभियंते दोष काढत, आणि तो कसा दूर करायचा तेही बसून सांगत. ज्ञान कोणाच्या तिजोरीत बंद राहिले नाही.

बड्या राष्ट्रांनी त्याच काळात वेगळा रस्ता धरला होता. अमेरिकेने विमाने आणि अवकाशयाने बनवणाऱ्यांना हे काम दिले. पश्चिम जर्मनीने शंभर मीटर उंचीचे, तीन मेगावॉटचे ग्रोवियान नावाचे यंत्र एकदम उभे केले. 1983 ला सुरू झालेले ते यंत्र पाचशे तासही धड चालले नाही आणि 1988 ला मोडीत निघाले. लोहार-सुतारांची 22 आणि 55 किलोवॉटची यंत्रे तोवर हजारोंनी फिरत होती. 1980 नंतर कॅलिफोर्नियात करसवलतींमुळे पवनचक्क्यांची लाट आली, तेव्हा तिथे टिकाऊ ठरल्या त्या डेन्मार्कच्या चक्क्या. सवलत संपताच ती बाजारपेठ बुडाली आणि 1986 मध्ये वेस्टासचेही दिवाळे निघाले. ती पुन्हा उभी राहिली, त्यात देशातली बाजारपेठ चालू राहिल्याचा मोठा वाटा होता. ती का चालू राहिली, याचे एक उत्तर लेखाच्या सुरुवातीला दिलेला कर. दुसरे उत्तर मालकीचे.

डेन्मार्कच्या शेतकऱ्याला सहकार नवा नव्हता. 1882 मध्ये पश्चिम जटलंडमधल्या हेडिंग गावी पहिली सहकारी दूधडेअरी निघाली आणि काही दशकांत लोणी, डुक्करमांस, खते, बियाणे असा शेतीचा सगळा व्यवहार सहकारात आला. तीच घडी त्यांनी पवनचक्कीला घातली. एका घराला एवढे मोठे यंत्र परवडत नाही, मग वीस-तीस घरांनी मंडळ करून ते मिळून घ्यायचे. वर्षाला 1,000 युनिट वीज म्हणजे एक भाग. ज्याच्या घरी जितकी वीज लागते, साधारण तितकेच भाग त्याने घ्यायचे. एकाच धनिकाने सगळे भाग उचलू नयेत म्हणून मर्यादा होती, आणि चक्कीच्या परिसरात राहणाऱ्यालाच भाग घेता येत होता. सरकारने हे नियम केले, भागाच्या उत्पन्नावर करात सूट दिली. वीजकंपन्यांशी बरीच ओढाताण झाल्यावर 1984 मध्ये समझोता झाला: कंपनीने चक्की जाळ्याला जोडून घ्यायची आणि ग्राहकाच्या दराच्या 85 टक्के भाव तिच्या विजेला द्यायचा. नव्वदचे दशक संपता संपता एक लाखाहून अधिक कुटुंबांचे भाग पवनचक्क्यांत होते. पात्यांचा आवाज होई, सावली फिरे, तरी तक्रारी कमी होत्या. चक्की आपली होती.

29 मार्च 1985 रोजी संसदेने ठरवले की यापुढची ऊर्जा योजना अणुऊर्जेविना आखायची. श्लुटर सरकारचा कल अणुऊर्जेकडे होता, पण पर्यावरणाच्या प्रश्नावर संसदेत विरोधकांचे बहुमत जमे आणि सरकार ते मानून चाले. चेर्नोबिलचा अपघात त्यानंतर वर्षभराने झाला. त्याच 1985 मध्ये वीजकंपन्यांनीही 100 मेगावॉट पवनचक्क्या स्वतः उभारायचे मान्य केले.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, कारण ती जमिनीखाली आहे. 1979 चा उष्णतापुरवठा कायदा. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जाळला की अर्ध्याहून जास्त उष्णता समुद्रात किंवा हवेत सोडून दिली जाते. ते गरम पाणी नळांतून घरोघरी नेले तर तळघरातला तेलाचा बॉयलर काढून टाकता येतो. कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला आपल्या हद्दीचा नकाशा करायला लावला: या भागात गरम पाण्याचे नळ, त्या भागात नैसर्गिक वायू, उरलेल्या भागात इतर सोय. एकदा ठरले की घरमालकाला जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकारही नगरपालिकेला होता, आणि उष्णता पुरवणाऱ्याला नफा कमवायची मुभा नव्हती. पवनचक्कीचे छायाचित्र निघते, जमिनीतल्या नळाचे निघत नाही. आज तिथली जवळजवळ दोनतृतीयांश घरे या नळांवर तापतात. नळात कोळशाची उष्णता जाते की कचऱ्याची, पेंढ्याची की सूर्याची, हे मागच्या टोकाला बदलता येते. घरात काही बदलावे लागत नाही.

हवामानबदलाचा प्रश्न या सगळ्यात उशिरा आला, आणि आला तेव्हा देशाच्या अंगावर एक डाग होता. तेल सोडून डेन्मार्क कोळशावर गेला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज आयात कोळशाची होती. माणशी कार्बन उत्सर्जनात हा छोटा देश युरोपातल्या वरच्या रांगेत बसत होता. 1987 मध्ये शाश्वत विकासावरचा ब्रुंटलँड अहवाल आला आणि 1990 मध्ये डेन्मार्कने ‘ऊर्जा 2000’ ही योजना मांडली. 2005 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन 1988 च्या तुलनेत 20 टक्क्यांनी घटवायचे, असा आकडा त्यात होता. रिओची परिषद त्यानंतर दोन वर्षांनी आणि क्योटोचा करार सात वर्षांनी झाला. 1991 मध्ये लोलान बेटाजवळ विनेबी येथे समुद्रात अकरा चक्क्या उभ्या राहिल्या, एकूण पाच मेगावॉटलाही किंचित कमी. हे समुद्रातले जगातले पहिले पवनक्षेत्र. 1992 मध्ये कार्बनवर टनामागे शंभर क्रोनर कर बसला.

या पर्वाचा मोठा मंत्री म्हणजे स्वेन आउकेन. 1993 ते 2001 या काळात पर्यावरण आणि नंतर ऊर्जा अशी दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. एका मंत्र्याने प्रदूषण सांभाळायचे आणि दुसऱ्याने इंधन पुरवायचे, हा वाद त्यामुळे मंत्रालयाच्या दारातच मिटला. 1997 मध्ये त्यांच्या खात्याने बेटांची एक स्पर्धा लावली: दहा वर्षांत फक्त नूतनीकरणक्षम ऊर्जेवर येण्याची योजना कोण देतो? सामसो बेट जिंकले. वस्ती जेमतेम चार हजारांची, नाव बटाट्यांसाठी. बक्षिसात पैशांची थैली नव्हती. सोरेन हेर्मान्सेन या तिथल्याच शिक्षकाने घरोघर, सभासभांतून लोकांना समजावले. शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न कार्बनचा नव्हताच, पैसे किती घालायचे आणि किती वर्षांत परत येतील हा होता. प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले. बेटावर अकरा चक्क्या उभ्या राहिल्या, मग समुद्रात आणखी दहा. काहींचे मालक शेतकरी, काहींची मालक नगरपालिका, काही सहकारी. गव्हाचा पेंढा जाळून पाणी तापवणारी केंद्रे निघाली. दहा वर्षांत सामसो स्वतःला लागते त्याहून जास्त वीज बनवू लागले. कोपनहेगनच्या बंदरासमोर 2000 साली मिडलग्रुंड येथे दोन मेगावॉटच्या वीस चक्क्यांची कमान उभी राहिली. तिची अर्धी मालकी आठ हजारांहून अधिक सामान्य भागधारकांची.

नोव्हेंबर 2001 मध्ये सत्ताबदल झाला. अँडर्स फो रासमुसेन यांच्या सरकारने ऊर्जा खाते पर्यावरणापासून तोडले, अनुदाने कापली, आउकेन यांनी समुद्रातल्या पाच मोठ्या पवनक्षेत्रांचे आदेश दिले होते त्यांतली तीन रद्द केली. जमिनीवर नव्या चक्क्या जवळजवळ थांबल्या. तीस वर्षांची घडी एका निवडणुकीत विस्कटू शकते, हे तेव्हा दिसले. ऑक्टोबर 2006 मध्ये त्याच पंतप्रधानांनी खनिज इंधनापासून पूर्ण मुक्ती हे देशाचे दूरचे ध्येय असल्याचे जाहीर केले, पण मधली वर्षे परत आली नाहीत.

दरम्यान दुसरे काही निसटत होते. यंत्रे मोठी झाली, एकेकाची किंमत कोट्यवधींची झाली आणि गावच्या मंडळांच्या जागी कंपन्या आल्या. त्याबरोबर विरोधही आला. उंचच उंच चक्क्यांविरुद्ध गावोगाव समित्या निघाल्या. सरकारने 2009 च्या कायद्यात नियम केला: नव्या पवनचक्कीतला किमान 20 टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचा. रोग ओळखला गेला होता, औषध उशिरा आणि थोडे आले.

आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे. 2020 च्या हवामान कायद्याने 2030 पर्यंत 1990 च्या तुलनेत उत्सर्जन 70 टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन सरकारवर घातले, आणि त्याच वर्षी उत्तर समुद्रातले तेल-वायू उत्खनन 2050 पर्यंत बंद करायचे ठरले. हिशेबात खोटही आहे. कोळशाच्या जागी जे जळते त्यात परदेशातून आणलेल्या लाकडाचा मोठा वाटा आहे. ते कागदावर कार्बनमुक्त धरले जाते, पण तोडलेले जंगल वाढायला दशके लागतात. डुकरे आणि गायी यांच्या उत्सर्जनावर 2030 पासून कर बसवण्याचा निर्णय झाला तो 2024 मध्ये.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. भारतात 1986 च्या सुमारास पहिली पवनक्षेत्रे उभी राहिली ती वेस्टासच्या 55 किलोवॉटच्या यंत्रांची, आणि त्यांतले एक कोकण किनाऱ्यावर होते. पुढे सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर आणि धुळ्याकडे ब्राह्मणवेलला चक्क्यांची रांग लागली. यंत्र तेच आले, मालकीची पद्धत मात्र आली नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येई. त्यामुळे चक्की घेणे हा ज्यांना भरपूर कर भरावा लागतो त्या कंपन्यांचा व्यवहार झाला. 31 मार्चच्या आत ती उभी राहणे महत्त्वाचे, पुढे किती युनिट वीज निघते ते दुय्यम. वीज किती निघाली यावर प्रोत्साहन देण्याची योजना केंद्राने आणली 2009 मध्ये. पठारावरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीची एकरकमी किंमत आणि राखणदाराची नोकरी.

हे प्रवरानगरच्या राज्यात घडले, याचे मला अधिक वाईट वाटते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 मध्ये दाखवून दिले होते की शेतकरी भाग घेऊन साखर कारखान्याचा मालक होऊ शकतो. विजेतही आपण सहकार करून पाहिला. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके गावांना वीज वाटली, पण थकबाकीच्या डोंगराखाली ती दबली आणि 2011 मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. त्यामुळे सहकार म्हटले की सगळे आपोआप नीट होते, असे कोणी म्हणू नये. डेन्मार्कच्या मंडळांना खरेदीची हमी होती, यंत्राची तपासणी होती आणि हिशेब वेळेवर होत होता. मुळा-प्रवरेने विकत घेतलेली वीज वाटली. डेन्मार्कच्या मंडळांनी स्वतः बनवलेली विकली. दोन्हींतला हा फरक धोरण करणाऱ्यांनी नीट तपासावा.

आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगाव सौरप्रकल्प उभे राहत आहेत. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी हा तिचा उद्देश चांगला आहे, आणि खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडेही मिळते. पण भाडेकरू कंपनी आणि मालक गाव, एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक नव्या सौर आणि पवन प्रकल्पातला किमान पाचवा हिस्सा त्याच गावच्या रहिवाशांना, एका घराला ठरावीक मर्यादेपर्यंत, भाग म्हणून आधी देऊ करण्याची अट राज्य सरकारने निविदेतच घालावी. जिल्हा बँकांनी त्या भागांसाठी कर्ज द्यावे. आणि ज्या ग्रामसभेपुढे असा प्रकल्प येईल, तिने जमिनीचा ठराव करण्याआधी आपल्या हिश्शाचा प्रश्न विचारावा.